दुकानात लोणी, रस्त्यावर दगड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिदीफिदी केलं, तर समोरचा चहा उचलून आत नेईन. इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट आठवली की माझं डोकं तापतं.

आमचे हे गेले आणि मागं त्यांची सायकल राहिली. मी तेव्हा कुंभारीच्या बायकांना अक्षरं शिकवायला जात असे. मला कुणी शिकवली म्हणता? कुणी नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून माझी मीच शिकले. पण सोलापुराहून कुंभारीला जायचं म्हणजे धाकट्या दिराच्या, दामू भावजींच्या, बैलगाडीची वाट बघायची. त्यांची मर्जी असली तर गाडी जुंपणार, नाहीतर नेमका त्याच दिवशी बैल लंगडणार. म्हटलं, घरात सायकल असताना मी यांच्या विनवण्या का करू? अंगणात पडत, धडपडत सायकलही माझी मीच शिकले.

आता भावजींचा त्या सायकलीवर डोळा. दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, हे काय बाईमाणसाचं काम हाय व्हय? उद्या कुंभारीला जाऊन या बगू. न्हाय जमलं, तर सायकल मी नेतो."

"आणि जमलं तर?"

"तर पुन्ना तिचं नाव काडणार न्हाय."

निघाले. नाका ओलांडायच्या आतच बसायची जागा अशी दुखायला लागली, की जणू कुणी खालून सांडशीनं चिमटे घेतंय. उतरून पाहिलं. सीट चामड्याची, वाळून कडक झालेली. तुम्हीच सांगा, दोष सीटचाच की नाही?

सायकल ढकलत तडक शिवलिंगप्पाच्या दुकानात गेले. तो सायकली दुरुस्त करायचा. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा.

"ही काढ, आणि मऊ सीट लाव," म्हटलं.

संतापले की मला पान लागतं. तो सीट बसवेपर्यंत पानाची चंची काढून त्याच्या फळीवर मांडली, अडकित्त्यानं सुपारी कातरली, त्यालाही दिली. मग त्यानं सायकल धरली आणि मी बसून पाहिलं. लोणी. चंची खोचली, निघाले, आणि कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड येईस्तोवर पुन्हा तोच चिमटा.

परत दुकानात. "दुकानात लोणी नि रस्त्यावर दगड? कसला माल विकतोस रे?"

"अक्का, सीट तीच की. रस्त्यात काय बदलतीय?"

त्यानं स्प्रिंगांची सीट लावली. मी पुन्हा पान जमवलं, बसले. पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. निघाले आणि पिंपळापाशी पुन्हा बोंब. आता मात्र माझा तोल गेला. परत येऊन दुकानासमोर रस्त्यात उभी राहून ओरडले, की हा मनुष्य चांगली सीट दाखवतो आणि माझी पाठ वळली की खोटी लावतो. बघे जमले. त्यांत गाडी घेऊन दामू भावजीही हजर, मिशीत हसत.

शिवलिंगप्पा आत गेला आणि तेलानं चकचकीत केलेली एक सीट आणून बसवली. पान तोंडात सारत मी बसले आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "याला म्हणतात सीट. त्या जुन्या धोंड्यापेक्षा शंभर पटीनं बरी."

"अक्का, रागावू नका," तो खालमानेनं म्हणाला, "पन ही तुमच्या मालकांचीच हाय. तेल तेवडं लावलंय."

लोक हसायला लागले. माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, खोटारड्या, आत्ता दाखवते. फळीवरची चंची उचलली, मागं काष्ट्याच्या घोळात कोंबली आणि सगळ्यांदेखत टांग टाकली.

"आई गं."

भावजींनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं पाहिलं आणि सावकाश विचारलं, "वहिनी, अडकित्त्यावर बसून कुंभारीला निगाला व्हता व्हय?"

आयुष्यभर मी चंची कमरेला पुढं खोचली. पायडल मारताना ती घरंगळून पडते, म्हणून या सायकलीपायीच मागं खोचायला लागले होते. चालताना कळत नव्हतं. बसल्यावर कळत होतं, पण शिव्या सीटला देत होते.

चंची काढली आणि भावजींच्या हातात आपटली. "धरा. मी परत येईपर्यंत राखत बसा." गेले, शिकवून आले. सायकल माझी राहिली. भावजींनी शब्द पाळला, पुन्हा सायकलीचं नाव काढलं नाही. चंचीचं मात्र रोज काढलं.

आणि तो शिवलिंगप्पा! अजून कुणी सीट टोचते म्हणून आला, की तो आधी गिऱ्हाइकाला पाठमोरं उभं करतो आणि म्हणतो, "आदी मागं काय खोचलंय बगू. आमच्या अक्कानं शिकवलंय."

एवढ्या बायकांना मी अक्षरं शिकवली, ते एकाच्याही ध्यानात नाही. हा एवढा धडा मात्र गावाला पाठ आहे.