झुआनाची वेणी

ऊन चढलं की व्हेनिसमधल्या बड्या घरच्या बायका छपरावरच्या लाकडी माचावर जाऊन बसत. डोक्यावर वरून उघडी, नुसत्या काठाची गवती टोपी आणि त्या काठावर चहूकडे पसरलेले केस. दासी मेनेगा आपल्या मालकिणीच्या, पेलेग्रीना बाईसाहेबांच्या मागे उभी राहून काठीला बांधलेल्या स्पंजाने तुरटीचं नि राखेचं पाणी केसांवर फिरवी. बाईसाहेबांचे केस मुळात काळे. सोनेरी व्हायला दुपारच्या दुपार जात, आणि त्या पाण्याने ते तुटून मेनेगाच्या हातात येत.

मेनेगाच्या मुलीचे, झुआनाचे केस मात्र जन्मतःच पिकल्या गव्हासारखे. एका उन्हाळ्यात पोरीला ताप भरला. वैद्याने डोकं हलकं करायला सांगितलं, तेव्हा मेनेगानेच कात्री चालवली. बाईसाहेबांच्या कानावर ते गेलंच.

"अगं, ती वेणी टाकून थोडीच देणार आहेस? मला दे. पोरीबाळींचे केस काय, पुन्हा वाढतात."

मेनेगाने वेणी दिली. बाईसाहेबांनी पोरीसाठी कोंबडीचा रस्सा पाठवला. झुआनाने तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात ती गेली.

माती देऊन मेनेगा कामावर परतली, तर बाईसाहेब आरशासमोर बसलेल्या. वेणी त्यांच्या केसांत गुंफलेली.

"पोर कशी आहे गं?"

मेलेल्याचे केस डोक्यावर मिरवणं म्हणजे घोर पाप, असं पाद्री चर्चमध्ये ओरडून सांगत. खरं कळतं तर बाईसाहेबांनी वेणी उपटून खिडकीतून कालव्यात भिरकावली असती.

"बरी झाली, बाईसाहेब," मेनेगा म्हणाली. "मुरानो बेटावरच्या मठात ठेवलंय तिला."

मग ते रोजचंच झालं. "काय म्हणते तुझी जोगीण?" बाईसाहेब विचारत. "पहाटे उठवतात म्हणून कुरकुरते," मेनेगा सांगे, किंवा, "शिवण शिकतेय." मासळीचा भाव सांगावा तसं सांगे. सांगताना रडू येत नसे, काहीच होत नसे. हात विंचरत राहत.

"अगं बये, कुठवर चालवशील हे?" स्वयंपाकीण सांता एकदा दबक्या आवाजात म्हणाली.

"त्या विचारतायत तोवर."

दुसऱ्या वसंतात, एका सणाच्या सकाळी, बाईसाहेब खुशीत होत्या. "आवर लवकर. भाचीला भेटायला मुरानोच्या मठात निघालेय, तूही चल. तुझ्या पोरीसाठी बदामाच्या वड्या घेतल्यात."

मेनेगाच्या हातात केसांचे काटे होते. "ती तिथे नाही, बाईसाहेब."

"मग कुठे आहे?"

"वेणी दिली ना, त्याच आठवड्यात गेली."

बाईसाहेबांचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा थर होता, त्याखाली काय चाललंय ते दिसलं नाही. मग त्यांनी स्वतःच काटे काढले, वेणी सोडवली आणि मेनेगाच्या ओंजळीत ठेवली.

"घरी ने," एवढंच म्हणाल्या. मुरानोला त्या एकट्याच गेल्या.

मेनेगाने वेणी उशीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी विंचरताना तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं, मठात काल ईल मासा केला होता म्हणून. बाईसाहेबांनी विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

उन्हाळा लागला. दोघी पुन्हा छपरावर गेल्या. बाईसाहेब डोळे मिटून उन्हात बसल्या आणि मेनेगाने स्पंज पाण्यात बुडवला.