कोपऱ्यातला वाफा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मी पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. गाडी वेळेवर आहे असं कुणी सांगितलं, तर आमच्या घरात त्यावर कधी कुणाचा विश्वास बसला नाही. लग्न होऊन झरीला आले, तेव्हा हा स्वभावही माझ्याबरोबर आला.

दसऱ्यानंतर सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, घरामागे हिवाळ्याची भाजी लावायला घेतली. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, भाजीपुरती करडई. मी टोपली धरून मागे मागे. वाफे वाकडे झाले होते, मी तसं म्हणाले. मुळा दाट पडला, तेही म्हणाले. आत्या बी टाकत राहिल्या. कोपऱ्यातला एक वाफा त्यांनी नुसताच करून ठेवला. इथे काय लावायचं, विचारलं, तर म्हणाल्या, “बघू.” घरच्या माणसाला कुणी असं उत्तर देतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मेथी वर आली आणि पालमहून फोन आला, आत्यांच्या बहिणीला बरं नव्हतं. मी त्यांना एसटीत बसवून दिलं. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “तण तेवढं काढ बाई. चुका काढू नको बरं!”

भर स्टँडवर, चार बायकांच्या देखत! लेकी बोले सुने लागे, ते परवडलं. इथे तर थेट सुनेलाच, आणि तेही मला उलट बोलता येऊ नये म्हणून चालत्या गाडीतून.

घरी येऊन नवऱ्याला धरलं. “आईचे कान तुमीच भरलेत ना?”

“कशाबद्दल?” तो म्हणाला. इतक्या भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, की माझा संशय पक्काच झाला.

आतून मात्र मी घाबरले होते. नवं घर. ‘नावं ठेवणारी सून’ असं एकदा गावात झालं, की ते जन्मभर चिकटतं. त्या मला कधी आपली म्हणणारच नाहीत, असं वाटायला लागलं. म्हणून ठरवलं, आता कशालाही एक शब्द बोलायचा नाही. नवऱ्यानं मोटार चालू ठेवून मेथी पाण्यात बुडवली, तरी मी गप्प. तण मात्र असं काढलं की काडी शिल्लक ठेवली नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या वाफ्यातही बारीक पानं उगवली होती. ती मेथी नव्हती, पालकही नव्हता. सगळी उपटून शेळीला टाकली.

आत्या परत आल्या, त्या पिशवी ओट्यावर टाकून आधी मागे गेल्या. “अगं, चुका कुठाय?”

“एक बी नाही काढली, आत्या. ह्यांनी मेथी बुडवली तरी मी तोंड उघडलं नाही.”

 आत्या कोपऱ्यातल्या मोकळ्या मातीकडे हात करून म्हणाल्या, “अगं, आंबट चुका! भाजीचा! तू दळणाला गेलीस तवा बी टाकलं व्हतं.”

मी शेळीकडे बघितलं.

“मला आंबटानं सांधे धरतात,” आत्या म्हणाल्या. “त्यो तर तोंड बी लावत न्हाई. तूच तुझ्या माईला फोनवर सांगायलीस ना, हितं आल्यापासून चुक्याची भाजी बघायला मिळंना म्हणून. पानं मोठी झाल्यावर तुला दावावं म्हणलं.”

मी वाफ्याच्या कडेलाच बसले आणि रडायला लागले. आत्यांनी पाठीवर हात ठेवला. बी अजून उरलंय, थंडी कुठं पळून चाललीय, असं काहीबाही बोलत राहिल्या.

म्हणजे त्या माझे फोन ऐकतात. आयता पुरावा हातात आला होता, आणि मला रागावता येईना. संध्याकाळी मी माईला फोन लावला, तो मुद्दाम, आत्या आत असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, जरा मोठ्यानं बोलत.