साडूच्या टाकीतलं पाणी

माझ्या साडूचं काही चांगलं झालं की माझं पोट दुखते. आता लपवून काय करू? तो वर्ध्यात नोकरीले. तिथंच पिपरी मेघेत घर बांधलं, अन् त्याच साली नवीकोरी मोटरसायकल घेतली. मी कारंजाजवळच्या गावात वांगे अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारा माणूस, गाडी बारा वर्षांची. नात्यानं थोरला जावई मी. पण सासरे त्याले पाहून म्हणत, "या, साहेब!" अन् मले पाहून, "वांगे आणले का?"

धोंड्याचा महिना होता. कारंजात सासरी दोन्ही जावयांले जेवण अन् वाण होतं. साडू बायकोले घेऊन सकाळीच आमच्याकडे चहाले थांबला, सोबतच जाऊ म्हणे. अंगणात त्याची काळी, चमकणारी गाडी उभी. माझी आठ वर्षांची पोरगी, जी माझ्या गाडीले "बाबा, ही लई धूर सोडते" म्हणून नाक मुरडते, ती त्या गाडीभोवती फिरून राह्यली होती. गाडीचा राग तर होताच, पण पोरीच्या डोळ्यातलं ते कौतुक पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते कौतुक माझ्या हक्काचं होतं.

चहा पिता पिता साडू म्हणाला, "भाऊ, गाडी रिझर्व्हले लागली. लिटरभर पेट्रोल असंन का घरी?"

होतं. फवारणीच्या पंपासाठी मी दोन कॅनी ठेवत असतो. एक चांगली. दुसरीचं झाकण ढिलं, तिच्यात पावसाचं पाणी गेलतं. दोनच दिवसांआधी तिच्या पेट्रोलनं पंप बंद पडलता, म्हणून बायकोनंच ती भिंतीकडे सारून ठेवली होती. मी कोठ्यात गेलो अन् चांगल्या कॅनीले हात घातला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मावसाजी, तुमची गाडी किती भारी आहे!" अन् हात भिंतीकडे गेला. चुकून नाई गेला. पडू दे म्हटलं रस्त्यात बंद. एकदा तरी साहेबाले गाडी ढकलत सासरच्या दारात येताना पाहू दे.

मी पेट्रोल ओतलं, त्यानं झाकण लावलं, अन् पोरगी टुणकन त्याच्यापुढं टाकीवर चढून बसली. "मी मावसाजीसोबतच जातो!"

मी तिचा हात धरला. "उतर खाली! माझ्यासोबत चाल!"

"काऊन वरडता?" बायको म्हणाली. "बसू द्या ना तिले. तुम्हाले त्यायचं काहीच पाहवत नाई."

एकच वाक्य बोलायचं होतं, की पेट्रोलात पाणी आहे. पण जीभ उचलली नाई. साडूसमोर, मेहुणीसमोर, पोरीसमोर मी कोण ठरलो असतो?

ते पुढं, आम्ही मागं. बायको काहीतरी बोलत होती. माझे कान समोरच्या गाडीच्या आवाजाकडे. गावापासून हायवे दोन किलोमीटर. देवा, गावातच बंद पाड, म्हटलं. नाई पडली. नाल्याच्या पुलावर नाई पडली. हायवे ओलांडायले मधात गेली, तिथं दोन गचके दिले अन् थांबली. उजवीकडून ट्रक येत होता.

मी गाडी बायकोच्या अंगावर सोडून पळालो. पोरीले बखोटीले धरून उचललं अन् मागं ओढलं. साडू अन् मेहुणीनं गाडी कशीबशी खेचली. ट्रकवाला हॉर्न वाजवत, शिव्या देत निघून गेला. पोरगी रडली नाई. मी मात्र रडलो.

ढाब्याजवळच्या मिस्त्रीनं टाकी खाली करून पेट्रोल बाटलीत धरलं. खाली पाणी, वर पेट्रोल.

"पाणी आहे. कुठं भरलं होतं?"

"शहरातल्या पंपावर," साडू म्हणाला. "लुच्चे साले!" भल्या माणसाले माझी शंकासुद्धा आली नाई. मी बाटलीकडे पाहत होतो अन् बायको माझ्याकडे.

सासरी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की भाऊ नसते तर आज काही खरं नव्हतं. सासऱ्यांनी माझा हात धरून मले पहिल्या पाटावर बसवलं. "जावईबापू, आधी तुम्ही." वाणही आधी माझ्याच हातात दिलं. किती वर्षं मले हेच पाहिजे होतं! पुरणाचा धोंडा मी तसाच ताटात ठेवला.

निघताना साडूनं पोरीले हाक मारली. "चाल, घरापर्यंत सोडतो."

ती माझ्या पायाले बिलगली. "नाई. मी बाबाच्याच गाडीवर बसन. ती बंद नाई पडत."

बायकोनं तिले उचलून माझ्यापुढं बसवलं. मागं बसता बसता माझ्या कानाशी हळूच बोलली, "ती कॅन मी आज फेकून देतो. हिले कधी सांगायचं, ते तुम्ही पाहा."

मी चाबी फिरवली. किक मारली. गाडी पहिल्याच किकले चालू झाली, अन् पोरीनं टाळ्या वाजवल्या.