माझ्या वेणीतलं तण

चारचौघांत बोलायची वेळ आली की मी आईच्या मागे लपते. तरी हे सांगतेच. आमगावपर्यंत माझं हसं झालंय, निदान खरं काय घडलं ते तरी तुम्हाला कळू दे!

नागपूरहून एक संशोधक ताई आमच्या गावी आल्या. त्या एका यंत्राला बघायला शिकवत होत्या. चाकांची छोटी गाडी, वर कॅमेरा, पुढे चिमटा. तिने धानातलं तण ओळखायचं, नाव घ्यायचं आणि उपटायचं. आता सावा हे तण इतकं धानासारखं, की मोठी माणसंही फसतात. मी फसत नाही. पान खोडाला मिळतं तिथे धानाला बारीक केस असतात, साव्याला नसतात. ताईंनी मला फोन दिला. म्हणाल्या, "तुझे डोळे मला या यंत्रात हवेत. साव्याचे फोटो काढून ठेव."

माझे डोळे! पंधरा दिवस मी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून फोटो काढले. पण वाटलं, बिचाऱ्या यंत्राला एवढे बारीक केस दिसतील का? म्हणून जुनी लाल रिबीन कापून प्रत्येक साव्याला तुकडा बांधला. ताईंना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं! आणि ताईंचा माझ्यावर एवढा भरवसा, की त्यांनी फोटो न तपासताच यंत्राला दाखवले.

परीक्षेला त्यांचे मोठे सर आले. यंत्र पसंत पडलं, तरच काम पुढे चालणार होतं. गाडी धुऱ्यावरून, शेताच्या कडेकडेने निघाली. एक सावा गेला, दुसरा गेला, दहा गेले. यंत्र गप्प. ताईंचा चेहरा उतरला.

मग ते बघायला जमलेल्या गर्दीत शिरलं. आईच्या मागे मी उकिडवी बसले होते, तिथे थांबून म्हणालं, "तण. तण."

दोनदा. वेण्या दोन, लाल रिबिनी दोन!

चिमटा वेणीपर्यंत पोचला, तेवढ्यात ताईंनी बटण दाबलं. मी रडत रडत सगळं कबूल केलं. सर पोट धरून हसले. म्हणाले, "म्हणजे हे बघतंय तर! दाखवलं तेच शिकलं." त्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितलं. या वेळी ताई स्वतः माझ्याबरोबर चिखलात उतरल्या. आता यंत्र रिबिनीशिवाय सावा ओळखतं. परवा तर माझ्या नजरेतून सुटलेला एक त्याने उपटला! मी बघतच राहिले.

आई मात्र पहिल्याच निकालावर ठाम आहे.

"साऱ्या बाया निंदून राहिल्या होत्या, अन् तू फोन धरून बांधीत उभी. मंग तण नाई तं काय?"