हरलेल्यांच्या घरची जाळी

आमची आत्या कपडे अल्टर करते. टेप तिच्या गळ्यात असते, पण दागिन्यासारखी. पँट किती आखूड करायची हे ती गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ठरवून मोकळी होते. त्याच नजरेनं तिनं बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं शटल सोडलं. "आउट," म्हणाली आणि रॅकेट खाली केली. शटल रेषेवर पडलं. समोरची नर्सताई आणि तिची जाऊ जिंकल्या.

आत्याची जोडीदार म्हणजे माझी आई, तिची वहिनी. आई काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या हॉलचा नियम असा, की हरलेल्या जोडीनं जाळी सोडायची, घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी आधी येऊन बांधायची. जिंकलेले नाही आले तरी चालतं. हरलेल्यांना यावंच लागतं. जाळी आत्याच्या शिलाई मशीनखाली गेली.

मग आत्याचं बिनसलं. गुडघा दुखतोय, दुसरी जोडीदार बघ, असं तिनं आईला फोनवर कळवलं. दुकानात तोच गुडघा पायमशीनवर ठणठणीत होता. बिघडलं होतं ते दुसरंच. साध्या बाहीला ती पुन्हा पुन्हा टेप लावायची, खूण करायची, पुसायची. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, थट्टेत विचारलं, की आता सुईचं नेढंही मोजून घेणार का, तर ती हसलीसुद्धा नाही. एक शटल काय चुकलं, बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच उडाला होता.

शनिवारी आई जाळी आणायला निघाली, मीही गेले. आत्यानं ती ओढून पुढे केली. आईनं हात लावला नाही. स्टुलावर बसली.

"त्या दिवशी मलाही ते आउटच वाटलं होतं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस, वहिनी."

"तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही केलंय?"

आत्याच्या ओठांचा कोपरा हलला. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"लाज वाटली. चूक दोघींची, आणि तू एकटीच मिरवत बसलीस."

आत्या बराच वेळ जाळी चाचपत राहिली. एका टोकाला पट्टी उसवली होती. तिनं कापडाचा तुकडा उचलला, कात्री घेतली. टेपकडे हात गेला, थांबला. तिनं डोळ्यांनीच माप घेतलं आणि कापलं.

रविवारी तसंच एक उंच शटल मागे आलं. आत्यानं वर पाहिलं. आईनं तिच्याकडे. आत्यानं ते सोडलं. रेषेच्या बाहेर, बोटभर.

सामना मात्र दोघी हरल्याच. आत्यानं जाळी खांद्यावर टाकली आणि जाता जाता नर्सताईच्या पायांकडे पाहिलं.

"ती ट्रॅकपँट दुकानात टाक. दीड इंच लांब आहे."