हत्ती गल्लीतच राहिला

निपाणीत आमच्या गल्लीनं जेवढा मोठा हत्ती केला, तेवढा देवानंसुद्धा कधी केला नसेल. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ काढायचा म्हणून मंडळाच्या पेंटरमामांनी सुट्टीत सगळ्या गल्लीला कामाला लावलं होतं. बाया तंबाखूच्या वखारीतून आल्या की रद्दी भिजवायच्या, पोरं ती तुडवायची, म्हातारी माणसं खळ शिजवायची. इतकी खळ शिजली, की महिनाभर गल्लीतल्या भाकरी तव्यावरून सुटेनात. पोरांना सगळ्यांनाच मावळे व्हायचं होतं, त्यामुळे हत्ती माझ्या वाट्याला आला. कामट्यांचा सांगाडा कसा बांधायचा, लगदा कसा थापायचा, सोंडेला वळ्या कशा पाडायच्या, सगळं मामांनी मला शिकवलं.

एकदा ते माझ्या वडलांना म्हणाले, "आप्पा, पोरीच्या हातात कला हाय. कोल्हापूरला चित्रकलेच्या शाळंत घाला."

आप्पा हसले. "हत्तीला पैला नंबर येऊ दे, घालतो. न्हायतर सदलग्याचं स्थळ हायच."

झालं. मी त्या हत्तीच्या अंगातच शिरले म्हणा. पण रोज संध्याकाळी बाया पाटी घेऊन हजर. "आमच्या घरचा लगदा न्हाय व्हय चालत?" नको कुणाला म्हणायचं? घरटी एकेक थर चढत गेला आणि हत्तीनं भलतंच बाळसं धरलं.

मिरवणुकीच्या दिवशी बैलगाडी गल्लीतून निघाली आणि वळणावर हत्तीचं पोट अडकलं. एका अंगाला वखारीची भिंत, दुसऱ्या अंगाला एका घराचा ओटा. ते घर आमचंच.

मामांनी पहार मागवली. "आप्पा, कोपऱ्याचं दोनच दगड काढतो. उद्या हाय तसं बसवून देतो."

आप्पांनी धोतर सावरलं आणि नेमके त्याच दगडांवर मांडी घालून बसले. "हितं माझा बाप बसायचा."

"तुमचा बाप मिरवणुकीत पुढं नाचायचा! त्यो असता तर आधी उठला असता!" शेजारची आक्का ओरडली. सगळी गल्ली हसली. आप्पा हसले नाहीत.

मी त्यांचे पाय धरले. "आप्पा, नंबराचं ऱ्हाऊ द्या. नुसता रस्त्यापतोर जाऊ दे त्येला. उठा की ओ."

त्यांनी चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतली. इतका वेळ मळली, की तेवढ्यात शेतात दुसरं पीक उभं राहिलं असतं. मोठ्या रस्त्यावरच्या हलग्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्या, थोडं थांबल्या, पुढं सरकल्या. पार ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा आप्पांनी चिमूट तोंडात टाकली, उठले आणि धोतर झटकलं.

"काढा आता दगूड," म्हणाले.

मामांनी पहार खाली टाकली. मावळे एकेक करून आपापल्या घरी जेवायला गेले. बैल सोडून नेले. हत्तीपाशी मीच उरले.

सदलग्याचे पाहुणे दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. आप्पांनी त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं. चित्ररथ अजून वळणावरच होता, त्यामुळे टोप्या हातात धरून, गाडीखालून वाकत वाकत ते आमच्या दारात पोचले.

"भारीच हाय की ओ हत्ती," मुलाचे वडील गुडघे झाडत म्हणाले. "कुणी केलाय?"

"मंडळाच्या पोरांनी," आप्पा म्हणाले.

पाहुण्यांनी पोरांचं लई कौतुक केलं. मी पोहे घेऊन बाहेर आले.