हॉटलाबाईंची नामं

हॉटलाबाई दुसरीला व्याकरण शिकवायच्या ते अख्खा वर्ग उभा करून. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्यावर लिहिलेला एकेक शब्द. नामांनी फळ्यापाशी उभं राहायचं, विशेषणांनी आपापलं नाम शोधून त्याला चिकटायचं आणि क्रियापदांना मात्र एका जागी थांबायला बंदी. ‘नाचते’ गळ्यात आलं, की वाक्य पूर्ण होईपर्यंत नाचत राहायचं. शेजारच्या वर्गातून भिंतीवर थाप पडायची. हॉटलाबाई ओरडून सांगायच्या, “क्रियापदं आहेत हो! गप्प कशी बसतील?”

अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवराच्या काठावरच्या त्या गावातली तांब्याची खाण बंद पडून जमाना झाला होता. शाळा तेवढी टिकून होती, आणि बाईंनी शिकवलेल्यांची मुलं आता बाईंच्याच हाताखाली येत होती. पेट्रोल पंपावरचा दाढीवाला अजून त्यांना म्हणायचा, “बाई, मी क्रियाविशेषण होतो. ‘हळूहळू’. आठवतंय?”

“आठवायला कशाला हवं? अजून तसाच आहेस. टाकी भर लवकर.”

त्यांचा आणखी एक खेळ मुलांना फार आवडायचा. बाई एखादी वस्तू मनात धरायच्या, ती काय करते आणि कशी असते तेवढंच सांगायच्या. नाम मुलांनी ओळखायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “बाहेर बघा, किती... किती पडतोय.” पुढे शब्द येईना. “तो. पांढरा. पडतो, साचतो.”

“बर्फ!” वर्ग ओरडला.

बाई हसल्या. टेबलावरची पट्टी उचलून म्हणाल्या, “आणि ही... हिनं मोजतात. लांब असते.”

“पट्टी!”

मुलं रंगात आली. आणखी सांगा, आणखी सांगा म्हणून बाकं वाजवायला लागली. आपण खेळत नाही आहोत, हे त्या खोलीत फक्त बाईंना कळत होतं. त्या एकेक वस्तू उचलत होत्या, तिचं नाव शोधत होत्या, आणि मुलं आनंदाने ते नाव पुरवत होती. पट्टी उजव्या हातातून गळून पडली.

पुढच्या बाकावरचा आयव्हर एकटाच ओरडत नव्हता. “बाई, तुमचं तोंड एका बाजूला घसरलंय,” तो म्हणाला, आणि परवानगी न विचारता शेजारच्या वर्गाकडे पळत गेला.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. आयव्हर वेळेत उठला म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. हातात हळूहळू बळ आलं. चालणं सुधारलं. वाचाही गेली नाही. गेली ती नामं. क्रियापदं होती, विशेषणं होती, ‘मी’, ‘तू’, ‘ते’ सगळं होतं, पण नाम यायच्या जागी खड्डा. कप समोर दिसायचा, कशाला वापरतात ते ठाऊक असायचं, कुणी चार नावं पुढे ठेवली तर बरोबर त्यावर बोट जायचं. नाव तोंडात मात्र यायचं नाही.

नवरा आर्नी काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा. बोलण्याचं त्याचं मुळातच वावडं. त्याचंही नाव इतर नावांबरोबर गेलं होतं.

“एवढा संसार केलास माझ्याबरोबर,” एकदा सॉनाच्या वाफेच्या खोलीतून बाहेर येऊन बसल्यावर त्याने विचारलं, “आणि आता मी कोण?”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तू... तू घोरतोस.”

“बरोब्बर. तोच मी,” आर्नी म्हणाला, आणि टॉवेलने डोकं पुसत बसला.

वाचा सुधारण्यासाठी ‘गेल’ नावाची एक तज्ज्ञ बाई दर आठवड्याला घरी यायची. ती चित्रं दाखवायची. कात्रीच्या चित्रापाशी हॉटलाबाई अडल्या, की म्हणायची, “नाव राहू दे. काय करते ती?”

“कापते. कागद... नाही. हो! कागद कापते. कापते ती... कात्री.”

“आलं की नाही? क्रियापद धरून ओढायचं. पुष्कळांची नामंच आधी जातात, तुमच्या एकटीची नाही.”

हॉटलाबाईंना हसू आलं. “मी तीच आधी शिकवते. सोपी म्हणून.”

सप्टेंबरात शाळा उघडायच्या आधी त्या मुख्याध्यापकांपुढे जाऊन बसल्या. ट्रुडेल हा मनाने बरा माणूस. त्याने दाराकडे पाहिलं, कॉफी ढवळली.

“मुलांना काय सांगायचं आम्ही?”

“खरं ते.”

शेवटी ठरलं, की वर्ग नव्या लप्लांटबाईंकडे राहील आणि रोज दुपारी अर्धा तास हॉटलाबाई व्याकरण घेतील. लप्लांटबाईंनी त्या वेळी वर्गातच थांबायचं.

पहिल्याच दिवशी बाईंनी मुलांना सांगितलं, “मी आजारी पडले होते. मला बोलता येतं. पण जे हाक मारायला लागतं ना, ते येत नाही. ते तुम्ही द्यायचं.”

ओपल निएमी नावाची मुलगी लगेच उभी राहिली. “म्हणजे माझंही नाव येत नाही तुम्हाला?”

“नाही येत.”

“शी! मग मला काय म्हणणार?”

“तू सांग. तू सारखी काय करतेस?”

ओपलने विचार केला. “भांडते.”

“मग भांडणारी.”

त्या दुपारी सगळ्या वर्गाचं बारसं झालं. हसणारा, विसरणारी, चावणारा. चावणाऱ्याच्या आईने दुसऱ्या दिवशी फोन केला, पण पोराने ते नाव सोडायला साफ नकार दिला. अर्धा तास छान चालू लागला. मुलं नामं पुरवत, बाई त्यांना कामाला लावत.

नोव्हेंबरात आगीच्या सरावाची घंटा झाली ती नेमकी त्याच अर्ध्या तासात. लप्लांटबाई नुकत्याच ऑफिसकडे गेल्या होत्या, हजेरीही त्यांच्याकडेच. हॉटलाबाईंनी ओळ केली, मुलांना मैदानात आणलं, ओळीवरून नजर फिरवली. एक कमी होतं. कोण, तेही कळलं. तुटका दात, कोपरापर्यंत वर केलेल्या बाह्या, सगळं डोळ्यांपुढे होतं.

ट्रुडेल धावत आला. “सगळे आले?”

“भांडणारी! भांडणारी राहिली!”

“कोण भांडतंय?”

“भांडत नाही! ती... ती आत राहिली!” बाई त्याची बाही धरून ओढायला लागल्या. ट्रुडेलला वाटलं, बाईंना पुन्हा झटका आला. तो त्यांनाच खाली बसवू लागला.

“ओपल!” मुलं एका सुरात ओरडली. “ओपल आत आहे!”

ओपल बाथरूममध्ये सापडली. घंटेचा आवाज नको म्हणून कानांत बोटं घालून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही,” आणि ओळीतल्या पुढच्या पोराशी जागेवरून भांडू लागली.

शाळा सुटल्यावर बाई ट्रुडेलच्या खोलीत गेल्या.

“मी वर्ग...” हा शब्द आला, याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. “मी आता घेणार नाही.”

“अहो, सरावच होता तो.”

“आज होता.”

ट्रुडेलने दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. बाईंनी थांबावं, हे त्याच्या मनातही येऊन गेलंच होतं. घरी आर्नीने ऐकून घेतलं, मांस-बटाटा भरलेली पास्टी गरम करून पुढे ठेवली आणि विचारलं, “रडायचंय?”

“नंतर,” बाई म्हणाल्या. जेवून झाल्यावर रडल्या.

त्यानंतर हॉटलाबाई मंगळवारी तेवढ्या शाळेत जायला लागल्या. ग्रंथालयात एका टेबलाशी बसायचं, वाचनात मागे पडलेली तीन-चार मुलं घ्यायची. पलीकडे ग्रंथपाल असायच्याच. नामं परत येत होती, मनाला येईल तशी. भांड्याकुंड्यांची आधी आली, गावांची मागून, माणसांची सगळ्यात शेवटी. आर्नीचं नाव मार्चमध्ये आलं, पण पुढचे काही दिवस बाई घरच्या कुत्र्यालाही त्याच नावाने हाक मारत होत्या. दोघंही येत.

पुढच्या सप्टेंबरात लप्लांटबाईंनी सहज विचारलं, “व्याकरणाची सुरुवात कशी करू हो?”

“आधी करायला लाव. उडी, धाव, काहीही. मग विचार, कुणी केलं. नाम आपोआप येतं.”

लप्लांटबाईंनी मनापासून मान डोलावली. पण पुस्तकात पहिला धडा नामाचा होता, आणि काउंटीच्या कचेरीतून तपासनीस यायचे होते. त्यांनी पुस्तकाप्रमाणेच सुरुवात केली. हॉटलाबाईंना हे ओपलकडून कळलं. ओपल तिसरीत गेली होती आणि वाचनात मागे असल्यामुळे मंगळवारच्या टेबलावर आली होती.

“दुसरीत फळ्यावर नुसती नावं लिहून काढायला लावतात म्हणे,” ओपल म्हणाली. “जाऊन भांडू का?”

“नको,” बाई म्हणाल्या. “बस. पान उलट.”